थायरॉइडच्या गाठीवर आरएफए: आठ महिन्यांनंतर

माझ्या गळ्यातली गाठ सुईने जाळून घेतली, त्याला आठ महिने झाले. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे आरएफए. ज्यांना हा पर्याय सुचवला गेलाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारा पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन, 0.02 होता. थायरॉइड जास्त चालली की तो असा तळाला जातो. हात इतके थरथरायचे की सुईत दोरा ओवता यायचा नाही, आणि रात्री उशीवर कान टेकला की स्वतःचीच धडधड ऐकू यायची. टेक्नेशियम स्कॅनमध्ये (यात थायरॉइडचा काम करणारा भाग गडद दिसतो) उजवीकडची एकच गाठ गडद दिसली, बाकीची ग्रंथी जवळजवळ गायब. ती गाठ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीला न जुमानता मनमानी हार्मोन सोडत होती. हे आधी नक्की करून घ्या, कारण आरएफए अशा गाठीसाठी आहे. ग्रेव्हज या आजारात सगळी ग्रंथीच पेटलेली असते. तिथे गोळ्या, रेडिओआयोडीन (ग्रंथीच्या पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) किंवा ऑपरेशन हेच नेहमीचे मार्ग.

थायरॉइडचे हार्मोन कमी करणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळीने आराम पडायचा, बंद केली की पुन्हा तेच. रेडिओआयोडीननंतर थायरॉइड कमी पडून कायमची गोळी लागू शकते, ते मला टाळायचं होतं. गाठ 9 मिलीची होती. 10 मिलीच्या आतल्या गाठींना गुण चांगला येतो, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सर नाही ना, हे पाहायला आधी दोनदा सुईने नमुना घेतला.

त्या दिवशी फक्त गळ्यापुरती भूल. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईच्या टोकाभोवती पांढरा ढग उठायचा, मग टोक थोडं सरकवायचं, पुन्हा ढग. मधूनच कळ जबड्यातून कानापर्यंत जायची. हात वर केला की ते थांबायचे. दर थोड्या वेळाने मला बोलायला लावत होते, कारण आवाजाची नस गाठीच्या मागूनच जाते. पाऊण तासात झालं, संध्याकाळी घरी. दोन दिवस सूज, आणि खूण म्हणाल तर एक ठिपका.

माझी खरी तक्रार पुढची आहे. करण्याआधी मला 'एकदा केलं की सुटलात' असं सांगितलं गेलं. तिसऱ्या महिन्यात गाठ 4 मिलीवर आली, आरशात गळा सपाट दिसायला लागला, पण टीएसएच 0.11 वरच. नसेच्या बाजूची कड जपून सोडलेली असते आणि ती हार्मोन करतच राहते, हे मला तेव्हा कळलं. त्या आठवड्यात मी फार रडले. आधी कोणी दोन वाक्यांत समजावलं असतं तर ते टळलं असतं. पाचव्या महिन्यापर्यंत कार्बिमॅझोलचा लहान डोस चालू ठेवावा लागला.

सहाव्या महिन्यात रिपोर्ट अचानक बिघडला. केसांसाठी मी बायोटिन घेत होते, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. ते थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तर सगळं ठीक. तपासणीआधी अशा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना नक्की सांगा.

आता गाठ 2.3 मिली, टीएसएच 0.9, थायरॉइडची एकही गोळी नाही. पुन्हा वेळ आली तरी मी हेच निवडेन. वर्ष झालं की सोनोग्राफी आहे. कड वाढलेली निघाली तर दुसऱ्यांदा करून घेण्याची तयारी आहे.