फियाटचा पंख आणि उद्यमबागेतला टिंकर

दिवाळीनंतर बेळगावच्या शहापुरात एका टेम्पोनं मागं घेताना माझ्या ७८ सालच्या पद्मिनीचा डावा मडगार्ड दिव्यापासून वर चेपवला. कागदावर ती पद्मिनी, घरात मात्र फियाटच. चेपलं ते नेमकं जिवावरचं ठिकाण: मडगार्डच्या माथ्यावरून मागं जाऊन दिव्यावर संपणारी ती धार. आम्ही तिला पंख म्हणतो.

दोन गॅरेजवाल्यांनी "लांबी भरून देतो" म्हटलं, म्हणजे खड्ड्यात पुट्टी. लांबी भरून पंख होत नाही, गळू होतं. शेवटी खानापूर रोडला रेल्वेचं तिसरं गेट ओलांडून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मिस्त्रीकडं गाडी लावली. नाव लिहीत नाही. हातात आधीच आठ गाड्या आहेत, आणखी गर्दी नको म्हणून त्यानंच बजावलंय. उद्यमबागेत जुन्या गाडीचा टिंकर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा, म्हणून विचारलंत तर कोणीही दाखवील.

मी पॅटर्नमेकर. पस्तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने. कुठलीही वस्तू बघितली की आधी डोळा जातो कोपऱ्याच्या रेडियसवर आणि मग ती साच्यातून कशी सुटेल यावर. त्यामुळे मिस्त्रीशी पहिल्याच दिवशी वाद झाला. तो म्हणाला, "पुठ्ठा लावून उजवीकडचा आकार घेतो, उलटा करतो, झालं की." पुठ्ठ्यानं बाह्यरेषा मिळते, फुगवटा मिळत नाही. मी घरी येऊन उजव्या पंखावरून सागवानाचा फॉर्मर केला, म्हणजे पत्रा ठोकून बसवायचा ठोकळा, उलट हाताचा. चार दिवस गेले. त्यावर त्यानं वीस गेजचा पत्रा डॉली-हातोड्यानं बसवला, गॅसनं जोडला. तेव्हा कळलं की दोन्ही बाजू मुळातच सारख्या नाहीत. माझ्या मापानं ४ मिलिमीटरचा फरक. कारखान्यातला की आधीच्या कुणा टिंकरचा, देव जाणे.

"दोन्ही बाजू एका वेळी कोण बघतंय ओ मामा?"

"मागून येणारा बघतोय की!"

हसला, पण पंख परत सोडवला आणि पुन्हा बसवला. या एका गोष्टीसाठी त्याला पैकीच्या पैकी.

आता त्या पंखाचा उपयोग विचाराल तर शून्य. १९४८ च्या कॅडिलॅकला मागं दोन उंचवटे आले ते एका लढाऊ विमानाची शेपूट बघून. १९५९ पर्यंत अमेरिकेत ते इतके वाढले की गाडी उडेल असं वाटावं. इटलीच्या फियाटनं त्यातलं बोटभर घेतलं आणि तेच कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्याकडं आलं. पण बोटभर असूनही ती रेघ कुठं सुरू होते आणि कुठं थांबते, हे कुणीतरी ठरवलेलं होतं.

मुलाची नवी एसयूव्ही शेजारी लावून बघतो तेव्हा हेच खटकतं. दारावर तीन-तीन धारा, एक मधेच विरते. चाकावर काळं प्लास्टिक. बम्परला जाळीचा आव आणलेली बंद जाळी. डोळे बारीक करून सतत कुणावर तरी चिडलेली. नाक उंच आहे त्याला मात्र कारण आहे, ते मान्य: धडक बसलेल्या माणसाचं डोकं बॉनेटखालच्या इंजिनावर आपटू नये म्हणून मधे जागा ठेवावी लागते. माझ्या फियाटनं कुणाला धडक दिली तर तसली काही सोय नाही. स्टीअरिंगचा दांडाही सरळ छातीकडं बघतो.

पण एक हिशेब मला पटत नाही. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांचा कर कमी झाला आणि कंपन्यांनी डिकी कापायला सुरुवात केली. काही सेदान बघा, मागनं करवत मारल्यासारख्या दिसतात. मी फियाटला टेप लावली. ती चार मीटरच्या आतच भरली! नाक, पोट, डिकी सगळं आपापल्या जागी, आणि वर पंखही.

मिस्त्रीच्या दारात त्या दिवसांत एक हेरल्डही उभी होती. तुरीनच्या मिकेलोत्तीनं आखलेली गाडी, आपल्याकडं मद्रासला बनायची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं, मगरीनं जबडा उघडावा तसं. तिथं चहा घेत इंजिनाकडं बघत बसण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगून सात लावले. फोन उचलत नाही. रंगाची छटा शेडमध्ये जुळली होती, उन्हात डावी बाजू किंचित हिरवट दिसते. गाडी ग्राइंडरच्या शेजारी लावली होती, काचेवर ठिणग्यांचे बारीक डाग पडले, ते जात नाहीत. मजुरी चौदा हजार, रंगाचे अकरा वेगळे, बिल कच्चं. मागच्या दिव्याची काच मुंबईहून मागवली, ती मीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून असल्या वस्तूंचा भाव विक्रेत्याच्या मर्जीवर.

तरी तुलना सांगतो. त्याच महिन्यात मुलाच्या गाडीचा पुढचा दिवा फुटला. कानाएवढी चीर, पण सर्व्हिस सेंटरनं अख्खा दिवाच बदलायला लावला, माझ्या सगळ्या टिंकरिंगपेक्षा महाग. माझ्या गोल दिव्याची काच गणपत गल्लीतल्या बाजाराच्या पिशवीत बसते. मुलगा म्हणतो, "बाबा, पण माझ्या गाडीत एसी आहे." मेमध्ये चोर्ला घाटात फियाट तापून उभी राहिली तेव्हा त्याची आई त्याच्याच गाडीत जाऊन बसली, त्यामुळं यावर मी बोलत नाही.

जायचं असेल तर पावसाआधी जा, दारांचं रबर आपलं आपण घेऊन जा, आणि रंग उन्हात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं डाव्या दाराचं रबर अजून त्याच्याकडंच आहे. काल गेलो होतो. "नाळे बर्री," म्हणाला, कानडीत "उद्या या". आमच्याकडं भूत दारातनं परत जावं म्हणून हेच दारावर लिहायचे.