जपासाठी तुळशीची माळ की रुद्राक्षाची?

आमच्या शेजारच्या काकूंना रोज जप सुरू करायचाय, पण माळ कोणती घ्यावी ते ठरत नाहीये. दोन्हींत १०८ मणी आणि वर मेरुमणी (जप जिथून सुरू होतो तो वेगळा मणी), त्यामुळे मोजणीत फरक नाही. फरक पडतो तो हातात.

तुळशीचे मणी लाकडाचे, वजनाला हलके. बोटांखाली सहज सरकतात, आणि वापरून वापरून असे गुळगुळीत होतात की डोळे मिटूनही जप अडखळत नाही. पण लाकूड मऊ. माळ घालून रोज आंघोळ केली की मणी फुगतात, भोकाशी चिरतात, दोरा कुजतो.

रुद्राक्ष म्हणजे फळाची कठीण बी. नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. मात्र खाचांत घाम आणि मळ साचतो, म्हणून अधूनमधून मऊ ब्रशने घासून तेलाचं बोट लावावं लागतं. नवी माळ बोटांना थोडी टोचतेही.

खर्चात पंढरपुरातली साधी तुळशीमाळ केव्हाही स्वस्त. रुद्राक्षात पाचमुखी, म्हणजे पाच उभ्या खाचांचा, सर्वांत जास्त मिळतो, म्हणून परवडतो. जपाला तोच पुरे. दुर्मिळ मुखांच्या नावाने पैसे घालवू नका. ‘पाण्यात बुडला तो खरा’ ही परीक्षाही भरवशाची नाही.

गळ्यात घालायची असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: वारकऱ्यांत तुळशीमाळेबरोबर मांसाहार सोडण्याचा आणि एकादशीचा नेम येतो. तो पाळायची तयारी असेल, विठ्ठलनाम घ्यायचं असेल, तर तुळसच घ्या. शिवोपासना असेल किंवा माळ प्रवासात, पिशवीत सतत हाताळली जाणार असेल तर रुद्राक्ष. काकू रोज हरिपाठ म्हणतात. त्यांना मी तुळशीचीच सुचवली.