कौंच बीज चूर्ण (पार्किन्सनसाठी), ५ पैकी २ स्टार

बाबांना पार्किन्सन आहे आणि इंदूरमध्ये ही बातमी कुणाला कळली की कोणी ना कोणी कौंच बीज सुचवतंच, आमच्याकडे काकाने सियागंजातून डबाच आणून दिला. कौंच म्हणजे आपली खाजकुयली. दुकानाचं नाव लिहीत नाही, असे डबे तिथे खूप ठिकाणी मिळतात.

आधी चांगलं सांगते. हे थोतांड नाहीये, या बियांत खरंच लेवोडोपा असतो, पार्किन्सनच्या गोळीत असतो तोच, १९३७ मध्येच आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी तो यातून वेगळा काढला होता. २००४ मध्ये लंडनला ८ पेशंटवर तुलना झाली त्यात हे चूर्ण गोळीपेक्षा लवकर लागू पडलं आणि असरही जास्त वेळ टिकला. पण तिथे ३० ग्रॅम मोजून दिलं होतं आणि त्यात लेवोडोपा किती हे माहीत होतं.

आमच्या डब्यावर फक्त "सुबह-शाम एक चम्मच". लेवोडोपा किती मिलिग्राम, बिया दुधात उकळून शोधन (म्हणजे शुद्ध) केल्या की कच्च्याच दळल्या, काही म्हणजे काही नाही. वर मोठ्या अक्षरात "पार्किन्सन जड़ से खत्म", याचा मला फार राग आला, अहो मेंदूतल्या डोपामिन (हालचाली नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, त्या परत आणणारं औषध अजून कुठेच नाही, गोळीतल्या लेवोडोपाचंसुद्धा मेंदूत डोपामिन होऊन फक्त उणीव भरून निघते आणि हे लोक खुशाल असं छापतात!

बाबांची गोळी चालूच होती, वरून हे. सुरुवातीला मस्त, शर्टाची बटणं स्वतः लावली, आई तर रडलीच. मग मान आणि हात आपोआप वळवळायला लागले, उभं राहिलं की चक्कर. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले लेवोडोपा दोन्हीकडून जातोय, डोस जास्त झालाय, बीपी पण पडतंय. चूर्ण बंद केल्यावर हळूहळू कमी झालं. त्यांनी अजून एक सांगितलं, डाळ-पनीरमधलं प्रोटीन लेवोडोपाला आतड्यातच अडवतं, म्हणून आता गोळी जेवणाच्या बरीच आधी देतो आणि खरं सांगू, दुपारचं चालणं त्याने जास्त सुधारलं, तेही फुकटात.

दोन स्टार फक्त बियांचे. घ्यायचंच असेल तर डबा घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि चूर्ण सुरू केलं म्हणून चालू गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्याने खूप ताप येऊन अंग लाकडासारखं आखडतं आणि पेशंट थेट आयसीयूत जाऊ शकतो.