चावीचा किचन टायमर, लिहिण्यासाठी: एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात या टायमरची घंटी वाजायची बंद झाली, म्हणून हे लिहायला बसले. नीट चालत होता तोवर याच्यावर काही लिहावं असं वाटलंच नव्हतं. गोल डबी, 60 मिनिटांची तबकडी, पाठीला लोहचुंबक, पिळला की उलटा मोजत येतो. साडेतीनशे रुपये. मोबाइलमध्ये हेच फुकट मिळतं, हे घरात प्रत्येकाने मला एकेकदा सांगून झालंय.

घेतला तो लिखाण अडलं म्हणून. हिवाळा लागला की आमच्या बेळगावकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी गावोगावची मराठी संमेलनं सुरू होतात. त्यातल्या एका ठिकाणी कथाकथनाला होकार देऊन बसले होते, वर एका दिवाळी अंकाची कथा द्यायची होती. दिवसभर सोसायटीत खातेवह्या, रात्री वही उघडायची, पहिली ओळ लिहायची, खोडायची, आणि मोबाइल हातात घ्यायचा. म्हणूनच मोबाइलचा टायमर नको होता. तो लावायला मोबाइल उघडावा लागतो, आणि एकदा उघडला की संपलंच.

टायमर लावून काम करायची 'पोमोडोरो' पद्धत बहुतेकांना माहीत असेल. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिल्लोनं विद्यार्थी असताना, 1980च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराच्या असल्याच टायमरवर ती बसवली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. अभ्यासाला, हिशेबाला उत्तम. कथेला 25 मिनिटं मला झेपेनात. 15वर आणली आणि एकच नियम ठेवला: घंटी होईस्तोवर हात थांबवायचा नाही आणि खोडायचं नाही. काही सुचत नसेल तर 'काही सुचत नाही' एवढंच लिहीत राहायचं. पानंच्या पानं भंगार निघाली. त्याच भंगारात मजुरी मोजताना बायकोकडे पाठ करून बसणारा एक विणकर म्हातारा सापडला, आणि दिवाळी अंकाची कथा त्याच्यावर उभी राहिली.

आता टिकटिक. पहिल्या आठवड्यात मी याला पाचपैकी दोनच तारे दिले असते, ते हिच्यामुळं. वडगावात आमच्या गल्लीत सकाळपासून यंत्रमाग धडधडत असतात. त्या आवाजात मी दुपारची झोप काढते. पण ही डबी टेबलावर ठेवली की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. टॉवेलमध्ये गुंडाळून बघितली, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून बघितली. आणि वीज गेली, माग गप्प झाले की मग तर विचारूच नका. पुढं कधीतरी ती ऐकू यायची बंद झाली. आता उलटंच झालंय. टिकटिक नसेल तर हात वहीकडे जातच नाही. तेव्हा कापलेल्यातले दोन तारे परत.

हे सगळं थोतांड वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. लेखन अडण्याला 'रायटर्स ब्लॉक' हे नाव 1940च्या दशकात एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकानं दिलं, आणि खापर नेऊन फोडलं लेखकाच्या बाळपणी आईनं नाकारलेल्या दुधावर. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे त्यातपण बाईचीच चूक.' दुसरी गोष्ट जास्त कामाची. 1983 साली रॉबर्ट बॉइस यांनी लेखन अडलेल्या 27 प्राध्यापकांचे तीन गट पाडले. एकाला लिहूच नका म्हणाले, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा लिहा म्हणाले, तिसऱ्याला वेळ ठरवून सक्तीनं बसवलं. सक्ती अशी की बसला नाहीत तर स्वतःला न आवडणाऱ्या संस्थेला पैसे पाठवायचे. (आपल्या सीमाभागात अशी संस्था शोधायला लांब जावं लागणार नाही.) सक्तीचा गट मनाच्या लहरीवर लिहिणाऱ्यांच्या साडेतीन पट लिहून मोकळा झाला. लहरीवाल्यांना दोन दिवसांत एक नवी कल्पना सुचायची, सक्तीवाल्यांना रोज एक. माझ्यासारख्या चिक्कू बाईला हा प्रयोग लगेच पटला. साडेतीनशे रुपये गेलेत ना, मग बसा.

आता मुख्य तक्रार, घंटी. माझ्या मते या वस्तूत घंटी हीच वस्तू आहे, बाकी सगळी सजावट. उठायची वेळ ठरलेली असते म्हणून बसायचा धीर होतो. वर ती नेमकी वाक्याच्या मध्येच वाजते, आणि अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुरं करायला डोकं लागत नाही, बसलं की गाडी सुरू. ज्या रात्री ती वाजली नाही, त्या रात्री मी हात दुखेपर्यंत लिहीत राहिले. पानं जास्त भरली, कबूल. पण दुसऱ्या दिवशी वहीकडे बघवेना.

तशीही ती पहिल्यापासून लबाड होती. तबकडी थेट 15वर पिळली तर स्प्रिंगला पुरता ताण बसत नाही, मग शेवटी नुसतं 'टिक्' होऊन गप्प. आधी 60पर्यंत न्यायची आणि मग 15वर मागं आणायची. हे कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलंय. पण या वेळी 60वरून आणूनही वाजेना.

डब्यावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली. ऑनलाइन विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, बिघाडाचा व्हिडिओ पाठवा. मोबाइल धरून बसले, तबकडी शून्यावर आली, काही झालं नाही, पाठवलं. उलट उत्तर: 'मॅडम, व्हिडिओत आवाज येत नाही.' अहो, आवाज येत नाही हीच तर तक्रार! पुढं कळलं की कुरिअरचा खर्च माझा, आणि तो टायमरच्या निम्म्याच्या वर. तिथं नाद सोडला.

गणपत गल्लीजवळ बोळात एक घड्याळवाले बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, स्क्रू काढले, आतली बारीकशी हातोडी चिमट्यानं हलवली आणि माझ्याकडे बघितलं. 'बाई, ह्यात पीठ गेलंय की वो. चपात्या लाटूलाय काय ह्याच्यावर?' सासूबाई इडल्यांना हाच टायमर लावतात, आणि पिळतात भरल्या हातानं. पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश फिरवला, फुंकर मारली, चाळीस रुपये. घंटी आता नव्या टायमरपेक्षा खणखणीत वाजते.

सासूबाईंना इडल्यांसाठी वेगळा बॅटरीचा घेऊन दिला. माझ्या टायमरला चार तारे, विक्रेत्याला एकही नाही. घ्यायचाच असेल तर दुकानातून घ्या. काउंटरवरच 60पर्यंत पिळून तीनवर आणा आणि वाजेपर्यंत तिथंच उभं राहा. दुकानदार 'घरी जाऊन बघा की वो' म्हणेल. हलू नका.