रूट सर्च (दत्तक गेलेल्याने आपल्या जन्मदात्यांचा शोध घेणं), पुण्यातली एक दत्तक संस्था: ५ पैकी ३ स्टार

संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तिथली माणसं वाईट नाहीत. पण मी स्वतः दत्तक आहे, १९९३ चा जन्म, आणि एवढ्या वर्षांनी आपलीच फाईल बघायला गेलं की काय होतं हे कुठे वाचायलाच मिळालं नाही म्हणून लिहितेय. सगळे रिव्ह्यू पालकांचे. आमची परी घरी आली, स्टाफ खूप छान, पाच स्टार. परीला कोण विचारतंय!

जायचं कारण काही फिल्मी नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला शुगर, थायरॉईड, ब्रेस्ट कॅन्सर? आई शेजारीच बसलेली, ती सवयीने स्वतःचं बीपी सांगायला लागली आणि मग दोघीही गप्प.

संस्थेत गेल्या गेल्या हातात फॉर्म आला, त्यात वरतीच "पालकांचे नाव" आणि खाली मुलगा हवा की मुलगी. मी म्हटलं मला बाळ नकोय, मीच ते बाळ आहे. काउंटरवरच्या मुलीला जरा वेळ कळेचना. म्हणजे इथलं गिऱ्हाईक आईबाबा, मी डिलिव्हरी. रिटर्न पण नाही बरं का, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात एकदा रीतसर झालेलं दत्तक आईबाबांनाही मोडता येत नाही आणि मलाही नाही. मला मोडायचंय असं अजिबात नाही, आईबाबांवर जीव आहे माझा, पण इतक्या पक्क्या कागदावर माझी सही कुठेच नाही एवढं तरी बोलू द्या. बोललं की लगेच मावशी, काकू सगळ्या सुरू, अगं नशीब काढलंस तू. आणि मला जन्म देणाऱ्या त्या दुसऱ्या बाईचं काय झालं विचारलं की यशोदा येते मधे. कृष्णाला देवकी कुठे राहते ते माहीत होतं हो, अर्ज नाही करावा लागला त्याला.

सोशल वर्कर ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाळा, अशी माहिती देत नाही आम्ही." तिशी उलटली माझी, तरी बाळा. मी काराचे (केंद्र सरकारची दत्तक बघणारी यंत्रणा) २०२२ चे नियम मोबाईलवर घेऊनच गेले होते, तुम्हीही न्या. १८ पूर्ण असेल तर आपण स्वतः अर्ज करू शकतो. आपल्या वतीने मैत्रीण, डिटेक्टिव्ह वगैरे कुणी गेलेलं चालत नाही. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवा सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते, आणि ते मला पटतं, तिचाही आता संसार असेल. पण ती सापडली नाही किंवा नको म्हणाली तरी कोणत्या परिस्थितीत मूल दिलं ते आपल्याला सांगावं लागतं. हे दाखवल्यावर ताई आत गेल्या, तिसऱ्या खेपेला फाईल आली, मधे दोन महिने गेले.

नऊ पानं. तिचं नाव, पत्ता कागद चिकटवून झाकलेला. वय १९, "कुमारी माता". कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "सामाजिक". आजारांचा रकाना, ज्याच्यासाठी मी गेले, तो कोरा. आता सरेंडर केल्यावर, म्हणजे मूल रीतसर सोपवल्यावर, आईला विचार बदलायला ६० दिवस मिळतात, पण माझ्या वेळी तिच्याशी कोण काय बोललं याची फाईलमध्ये ओळ नाही, आईबाबांच्या घराचं वर्णन मात्र साडेतीन पानं, फ्रीज आहे हे सुद्धा लिहिलंय. शेवटच्या पानावर तिची सही. अंगठा नाही, सही. चिकटवलेल्या कागदाखालून शेवटच्या अक्षराची वेलांटी तेवढी बाहेर राहिलीय, गोल, नीट काढलेली. मी तीच बघत बसले आणि ताईंनी घाई केली नाही, चहा आणून ठेवला आणि बाहेर गेल्या. दोन स्टार त्या चहाचे. तिसरा, फाईल इतकी वर्षं जपली म्हणून. फोटो काढू देत नाहीत, वही पेन न्या. आधार आणि दत्तकाच्या ऑर्डरची झेरॉक्स पण.

आई बाहेर बाकावर थांबली होती. तिने एकच विचारलं, वजन किती लिहिलंय?

एक किलो नऊशे.

"मला दोन सांगितलं होतं," म्हणाली, आणि पर्समध्ये रिक्षाचे सुट्टे शोधायला लागली.