यंत्र धरा, शहर धरा: लातुरात बसून इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकताना काय कामी आलं

इलेक्ट्रॉनिक संगीत नव्याने ऐकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात नावं अंगावर येतात. हाउस, डीप हाउस, टेक्नो, मिनिमल, ट्रान्स, जंगल, ड्रम अँड बेस, डबस्टेप, अँबियंट, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी पोटप्रकार. गेल्या पावसाळ्यापासून मी हे संगीत रोज ऐकतोय. डाळमिलच्या ऑफिसात हिशेब लिहिताना, लातूर-नांदेड एसटीत, रात्री गच्चीवर. मिळतील ती साधनं वापरून पाहिली, आणि आता मत पक्कं झालंय: नव्या माणसाने प्रकाराच्या नावामागे जाऊ नये. यंत्र धरावं, शहर धरावं, लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी धरावी. नावं मागून आपोआप कळतात.

आधी ॲपचं सांगतो, कारण सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. एका स्ट्रीमिंग ॲपवर ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणून तयार असलेल्या प्लेलिस्ट लावल्या. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, सगळ्यांची घडण एकच: आधी गाणारा आवाज, मग चढत जाणारी सुरावट, मग धाडकन बेस. त्यातले दोन-चार आवडले असं कळलं की ॲप त्याच चवीचं ताटात वाढत राहतं. नवं शोधायला ते माझ्या काही उपयोगी पडलं नाही. पण आल्बमचं नाव माहीत असेल तर काढून ऐकायला त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. आज मी ते तेवढ्यासाठीच ठेवलंय.

दार खरं उघडलं ते चरणजित सिंग यांनी, आणि आपल्याकडच्या कुणीही तिथूनच आत जावं असं मला मनापासून वाटतं. हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे हे मुंबईचे वादक. 1982 साली एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. ललित, भूपाली, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग, आणि वाजवायला रोलंड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-8 हा विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 ही बेसची पेटी. त्या वेळी रेकॉर्ड चालली नाही. 2010 मध्ये हॉलंडहून ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारले, कारण हाच आवाज शिकागोत 1987 च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ म्हणून गाजला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मुंबईच्या माणसाने पाच वर्षं आधी आपल्या वाटेने जाऊन त्याच पेटीतून तो आवाज काढला होता, एवढंच. मला याचा फार अभिमान वाटतो.

या रेकॉर्डचा नव्या माणसाला मोठा फायदा असा की राग कानाच्या ओळखीचा असतो. मालकंस कुठे चाललाय हे घरातल्या भजनांमुळे आपल्याला आधीच कळतं, त्यामुळे सगळं लक्ष यंत्राकडे देता येतं. खाली वाजणाऱ्या बेसवर कान ठेवा. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो, मध्येच एखादा स्वर जोराने टोचतो. 303 वर घसरण्याची आणि जोर देण्याची ही सोय प्रत्येक स्वराला वेगळी लावता येते. रोलंडने हे यंत्र 1981 मध्ये आणलं ते गिटारवाल्यांना सरावाला साथ म्हणून. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना, विक्री होईना, 1984 पर्यंत ते बंद पडलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात विकलेली ही यंत्रं शिकागोतल्या पोरांच्या हाती लागली. ‘फ्यूचर’ नावाच्या त्रिकुटाने एकच ओळ फिरवत ठेवली आणि ती वाजत असतानाच यंत्राच्या कळा पिळल्या. फिल्टर म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारी सोय. तो उघडला की आवाज किंचाळतो, मिटला की घशात अडकतो. ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे 1987 चं, दहा मिनिटांच्या वरचं काम म्हणजे बहुतांशी एवढंच, आणि मी ते अजून पुन्हा पुन्हा ऐकतो.

इथे आपल्या कानाची एक सवय आड येते. आपण मुखडा आणि अंतरा शोधत बसतो. हाउस किंवा टेक्नोत ते नसतं. मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, चारही ठोक्यांवर किक म्हणजे मोठ्या ड्रमचा जाड ठोका, आणि बदल होतो तो आठ किंवा सोळा आवर्तनांनी (चार ठोक्यांचं एक आवर्तन), तोही एखादी टाळी आत येण्याइतका लहान. मला कामी आलेली रीत सांगतो. एका वेळी एकच आवाज धरायचा. पहिल्यांदा अख्ख्या ट्रॅकभर फक्त हाय-हॅट, म्हणजे झांजेची बारीक चिकचिक, ऐकायची, दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा सगळं मिळून ऐकलं की कंटाळवाणं वाटलेलं तेच काम भरगच्च वाटायला लागतं. ॲपवर पुढचं, पुढचं करत राहिलं तर हे कधीच घडत नाही.

यंत्राचा माग काढला की शहरं लागतात. 808 चा माग काढत गेलो आणि आफ्रिका बंबाटा या न्यूयॉर्कच्या डीजेच्या 1982 च्या ‘प्लॅनेट रॉक’वर पोचलो. त्यातली सुरावट जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या बँडची. क्राफ्टवेर्क ऐकून भारावलेले हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलचे शाळासोबती. त्यांच्या हातून टेक्नो घडलं, आणि बर्लिनची भिंत पडल्यावर ते तिकडे गेलं. 1991 मध्ये तिथे ‘ट्रेझर’ नावाचा क्लब आणि त्याच नावाचं लेबल सुरू झालं. ही साखळी एकदा ऐकून काढली की हाउस आणि टेक्नोतला फरक कुणी समजवावा लागत नाही. शिकागोच्या हाउसमध्ये डिस्कोची ऊब आहे, गाणारा गळा आहे. डेट्रॉइटचं टेक्नो लांबवर बघत बसलेलं असतं.

बर्लिनमधलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं काम मोरित्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांच्या ‘बेसिक चॅनल’ या जोडीचं, 1993 च्या पुढचं. लोक त्याला डब टेक्नो म्हणतात. एकच स्वरमेळ, त्यावर लांबवर विरत जाणारा एको, आणि खाली रुंद बेस. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही म्हणजे काही येत नाही. औशाला माझा भाचा डीजेचा धंदा करतो: लग्नं, जयंत्या, गणपती. ॲम्प्लिफायर दुरुस्त करून तो स्पीकरचे बॉक्स तपासत होता, तेव्हा मी पेनड्राइव्ह दिला.

‘मामा, ह्यात गाणं कवा सुरू होतंय?’

‘हेच गाणं हाय.’

त्याने काही न बोलता कॅबिनेटच्या प्लायवर तळहात ठेवला. मग खाली वाकला, मागच्या बाजूचा एक स्क्रू बोटाने हलवून पाहिला आणि पिळून घट्ट केला. एरवीच्या गोंगाटात ती खरखर कळतच नव्हती. ‘बेस लई साफ हाय. कुठलं म्हणलाव?’ आता नवा बॉक्स आला की तो हाच ट्रॅक लावून तपासतो. डब टेक्नोतलं ‘डब’ कुठून आलं म्हणून मी त्याला किंग टबीचं सांगितलं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, स्वतःची साउंड सिस्टीम बांधणारा माणूस. 1970 च्या दशकात त्याने तयार गाण्यातून गळा काढून टाकला, बेस आणि ड्रम पुढे आणले, मिक्सरवरूनच एको सोडला. त्याचं नाव डब. लंडनमधलं जंगल आणि तिथल्याच क्रॉयडन भागातून निघालेलं डबस्टेप याच साउंड सिस्टीमच्या परंपरेतले. मराठवाड्यात गावोगावी बॉक्स बांधणारी, वायरी सोलणारी पोरं आहेत. त्यांच्यापर्यंत किंग टबी पोचला पाहिजे, असं मला फार वाटतं.

लेबल धरायला मला सगळ्यात कामी आलं ते डिस्कॉग्स. 2000 साली सुरू झालेली रेकॉर्डची ही इंटरनेटवरची नोंदवही मुळात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठीच होती. एक रेकॉर्ड आवडली की तिचं लेबल बघायचं, त्या लेबलचं त्याच वर्षातलं दुसरं काही ऐकायचं. इंग्लंडमधल्या शेफील्डला 1989 मध्ये निघालेल्या ‘वॉर्प’पासून सुरुवात केली की ऑटेकर आणि बोर्ड्स ऑफ कॅनडा या जोड्यांपर्यंत सरळ जाता येतं. बोर्ड्स ऑफ कॅनडाचा 1998 चा ‘म्युझिक हॅज द राइट टु चिल्ड्रन’ मी घरच्यांसोबत बसून ऐकलाय, कुणी उठून गेलं नाही.

गोवा ट्रान्स जवळचं म्हणून आशेने लावलं, पण मन रमलं नाही. तो चढ सतत असतो, श्वास घ्यायला जागा नाही. ज्याला रात्रभर नाचायचंय त्याला आवडेल.

अहमदाबादचं मात्र चुकवू नका. 1969 मध्ये एनआयडी या डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला. 1972 पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी तिथे केलेली ध्वनिमुद्रणं ‘द एनआयडी टेप्स’ नावाने 2023 मध्ये बाहेर आली. ठेका वगैरे फारसा नाही, सवयीला वेळ लागतो. पण आपल्या देशात त्या काळी माणसं नुसत्या आवाजाशी इतक्या मोकळेपणाने खेळत होती, हे कानाने कळणं वेगळंच.

साधनांचं थोडक्यात. वायरचे साधे इअरफोन पुरतात, फक्त ते कानात नीट घट्ट बसले पाहिजेत, कारण 808 चा किक 50 हर्ट्झच्या आसपास असतो आणि फट राहिली की तो निसटतो. विकत घ्यायचं तर बँडकॅम्प ही वेबसाइट चांगली. घेतलेली फाइल आपल्याकडे राहते, आणि काही कलाकार किंमत ऐकणाऱ्यावर सोडतात. तासाभराचा डीजे सेट 320 केबीपीएस दर्जाने 144 एमबी होतो, तेव्हा घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. एसटी घाटात शिरली की नेटवर्कचा भरवसा नाही.

सध्या जंगल ऐकतोय. त्याचं मूळ द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या 1969 च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये आहे. अर्ध्याच्या जरा पुढे बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं ड्रम वाजवतो, जेमतेम सहा-सात सेकंद. लंडनच्या पोरांनी तेवढाच तुकडा घेतला, वेग 160 च्या वर नेला, कापून उलटापालटा जोडला. आधी मूळचे ते सहा-सात सेकंद चार-पाच वेळा ऐका, मग 1993-94 चं कुठलंही जंगल लावा आणि तेच ड्रम ओळखू येतात का बघा. ते ओळखता यायला लागले की गोल्डी या इंग्लंडच्या जंगलवाल्या कलाकाराचा 1995 चा ‘टाइमलेस’ हा आल्बम काढा. त्याचा पहिलाच ट्रॅक 21 मिनिटांचा आहे, मध्ये थांबवू नका.