मुडद्यांची फौज बघायचीय: 'हार्डहोम' लावू की 'बियाँड द वॉल'?

'गेम ऑफ थ्रोन्स' पुन्हा पहिल्यापासून बघायची म्हणजे 73 भाग. तेवढी सवड नाही, पण एका रात्री मुडद्यांची फौज मात्र बघायचीच आहे, तर निवड दोन भागांत होते. पाचव्या सीझनचा आठवा, 'हार्डहोम' (2015), आणि सातव्याचा सहावा, 'बियाँड द वॉल' (2017). दोन्हीत जॉन स्नो उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे जातो, मुडदे चालून येतात आणि तो कसाबसा सुटतो. (सिरीज पाहिलीच नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

'हार्डहोम'मध्ये जॉन का जातो हे एका वाक्यात सांगता येतं. तिथे मेलेला प्रत्येक वाइल्डलिंग (भिंतीपलीकडच्या टोळ्यांतला माणूस) उद्या शत्रूच्या रांगेत उभा राहणार, म्हणून जिवंत आहेत तोवर त्यांना भिंतीअलीकडे आणायचं. पुढचं सगळं यातूनच येतं. काही टोळ्या विश्वास ठेवत नाहीत, होड्यांना फेऱ्या माराव्या लागतात, किनाऱ्यावर गर्दी उरते आणि तेवढ्यात हल्ला होतो. शेवटी मुडद्यांचा म्होरक्या नाइट किंग नुसते हात वर करतो आणि आत्ताच पडलेली माणसं उठून उभी राहतात. जॉनची भीती आपल्या डोळ्यांदेखत खरी ठरते, तीही संगीताचा आधार न घेता.

त्यात कार्सी आहे. ही बाई आपल्याला याच भागात पहिल्यांदा भेटते. दोन मुलींना होडीत बसवते, मागून येते म्हणून सांगते आणि पुढे मेलेली पोरं अंगावर आली तेव्हा तिचा हात उचलत नाही. जेमतेम ओळख झालेल्या बाईसाठी घशात आवंढा येतो.

'बियाँड द वॉल'मध्ये उलट आहे. ओळखीचे सात शिलेदार जातात, मरतात बहुतेक बिननावाचे सोबती. त्या सातांपैकी एक थोरॉस काय तो गेला. मोहिमेचं कारणही लंगडं: राणी सर्सीला मुडद्यांच्या फौजेचा पुरावा म्हणून एक मुडदा पकडून दाखवायचा. सर्सीला! पुढच्याच भागात ती दिलेला शब्द फिरवते, म्हणजे एवढ्या उपद्व्यापातून हाती काय आलं, तर शत्रूला एक ड्रॅगन.

आणि वेळेचं गणित. सातांतला गेंड्री धावत भिंतीवरच्या ईस्टवॉच किल्ल्याला पोहोचतो, तिथून निरोप घेऊन कावळा डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटाला, तिथून डेनेरिस ड्रॅगन घेऊन उत्तरेला. भिंतच 300 मैल लांब. तीच पट्टी नकाशावर धरली तर हे अंतर तिच्या कित्येक पट. तोवर मंडळी तळ्यातल्या खडकावर एक रात्र कुडकुडत बसलेली दिसतात. वेळ मुद्दाम धूसर ठेवल्याचं दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनीही नंतर मान्य केलं. नाइट किंगचं तर्कटही न्यारं: समोर ड्रोगॉन हा ड्रॅगन जमिनीवर बसलाय, सगळे त्याच्या पाठीवर चढतायत, तरी हा भाला फेकतो आकाशात उडणाऱ्या दुसऱ्या ड्रॅगनवर, व्हिसेरियनवर. मग मेलेल्या व्हिसेरियनला तळ्यातून ओढून काढायला साखळदंड कुठून आले, हे विचारायचं नाही.

तरीही खोटं कशाला बोलू, 'बियाँड द वॉल' मी जास्त वेळा लावलाय. सातांतल्या हाउंड आणि टॉर्मंडची बर्फातली बाचाबाची कितीदाही चालते. हाउंड कंटाळून दगड भिरकावतो आणि तळं पुन्हा गोठलंय हे मुडद्यांना कळतं, तो क्षण तर फर्मास. मूर्खपणा आहे, पण त्या माणसाला शोभणारा. ड्रॅगन येतात तेव्हा अख्खी खोली ओरडते. याच भागाला दृश्य परिणामांसाठी एमी मिळाली, ती उगाच नाही.

चारपाच मित्र जमलेत, मध्ये कुणी चहा टाकायला उठणार, कुणी फोनवर, तर तोच लावा. अधूनमधून आर्या-सान्सा या बहिणींचं चिठ्ठीवरून भांडण येतं, तेव्हा खुशाल उठा.

एकटे असाल, किंवा सोबतचा माणूस 'पण असं का केलं त्यांनी?' विचारणारा असेल, तर 'हार्डहोम'. फक्त सुरुवातीचा बराच वेळ मीरीन शहरातले संवाद, तुरुंगातली सर्सी आणि कालवं विकणारी आर्या यांत जातो. सिरीजची आठवण पुसट झाली असेल तर तेवढं पुढे ढकला आणि होड्या किनाऱ्याला लागतात तिथून बघा.